अंड्यातला पहिला घास

खुडूक कोंबडी रवणावर बसवली की आजी टोपलीशेजारी पाण्याची वाटी आणि मूठभर कण्या ठेवायची. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघत आणि कोंबडी माती उकरून त्यांना पहिला दाणा दाखवी. त्या दाण्याबरोबर आईच्या विष्ठेतले जिवाणूही पिल्लांच्या पोटात जात. हे मला समजले ते पन्नाशीत, राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर पुस्तके आणि शोधनिबंध चाळताना.

आज आपल्या जिल्ह्यातल्या शेडमध्ये येणारे पिल्लू आई पाहतच नाही. उबवण यंत्रातली सगळी अंडी एका तासात फुटत नाहीत. पहिले आणि शेवटचे पिल्लू यांत एक दिवसाचे, कधी त्याहून अधिक अंतर पडते. मग निवड, लस, खोक्यात भरणे, टेम्पोचा प्रवास. लवकर निघालेल्याला पहिला घास मिळेपर्यंत दोन दिवस जाऊ शकतात. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते जगते खरे. पण आतड्याची वाढ खाद्य मिळाल्यावरच जोर धरते. हे अंतर भरून काढण्यासाठी अंड्यातच घास देण्याची कल्पना निघाली.

ती शक्य होते, कारण गर्भ अंड्यात गिळतो. शेवटच्या आठवड्यात तो भोवतीच्या गर्भजलातून पांढऱ्या बलकाची प्रथिने पोटात घेतो. सतराव्या-अठराव्या दिवशी अंड्याच्या रुंद टोकाकडून सुई घालून साधारण अर्धा ते एक मिलिलिटर पोषक द्रावण या गर्भजलात सोडले, तर गर्भ तेही गिळतो. कवच फोडण्याच्या कष्टात यकृतातली ग्लायकोजेनची शिल्लक खर्ची पडते. द्रावणातल्या कर्बोदकांनी ती वाढवता येते. इस्रायलच्या झेहावा उनी आणि अमेरिकेच्या पीटर फर्केट यांना या पद्धतीचे पेटंट 2003 मध्ये मिळाले. आपल्याकडे इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेतील भांजा आणि मंडल यांनी अंड्यात अमिनो आम्ले देऊन केलेले प्रयोग 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. सुई टोचणारी यंत्रे तर आधीपासूनच होती. मॅरेक रोगाची लस अमेरिकेत 1990 च्या दशकापासून अशीच दिली जाते.

जिवाणूंचे प्रकरण अधिक नाजूक. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्ये दाखवले, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना दिले तर साल्मोनेला त्यांच्या आतड्यात सहज ठाण मांडू शकत नाही. म्हणजे आजीच्या टोपलीत आपोआप घडत होते तेच. मात्र अंडे म्हणजे उबदार, पौष्टिक बंद खोली. जिवाणूची जात किंवा मात्रा चुकली, की उपकार करणाराच गर्भाला मारतो. म्हणून पोलंडमध्ये बाराव्या दिवशी हवेच्या पोकळीत जिवाणूंऐवजी त्यांचे खाद्य, म्हणजे प्रीबायोटिक, देण्याचे प्रयोग झाले.

मीही एकदा उत्साहाने घरच्या छोट्या यंत्रातल्या बारा अंड्यांना साखरपाणी टोचले. तीन पिल्ले निघाली; बाकीची अंडी नासली. शेजारच्या न टोचलेल्या बारांतून दहा निघाली. द्रावण निर्जंतुक नव्हते आणि सुई कुठवर गेली हेही मला कळले नव्हते. वाचकांनी हा खेळ घरी करू नये.

प्रयोगशाळांतही निकाल एकसारखे नाहीत. काही ठिकाणी पिल्लाचा सुरुवातीचा फायदा विक्रीच्या वयापर्यंत टिकतो, काही ठिकाणी पुसला जातो. सुईची जागा चुकली तर उबवणीचे प्रमाणच घसरते. शिवाय हे काम हॅचरीचे आहे, आणि करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला हॅचरीत विचारतो कोण? पहिल्या आठवड्यातली मर मात्र त्याच्याच हिशेबात लागते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. खोकी उतरवताना पिल्लू कधी निघाले, किती तास उपाशी आहे, हे विचारा. शेड आधीच तापवून ठेवा. आल्याबरोबर पाणी द्या, कागदावर मक्याचा भरडा पसरा. संध्याकाळी दहा-वीस पिल्लांची गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपून पाहा. भरलेली आणि मऊ लागली, तर पहिला घास पोहोचला. सुई येईल तेव्हा येईल. आजीची वाटी आजही आपल्या हातात आहे.