वऱ्हाडातील सूक्ष्म उद्योग, लेखांक 5 : डाळीचा हंगाम आणि कर्जाचा हप्ता

मागील लेखांकात नाबार्डने 1992 साली सुरू केलेल्या बचत गट–बँक जोडणीचा, म्हणजे गटाच्या सामूहिक जबाबदारीवर तारणाशिवाय कर्ज देण्याच्या पद्धतीचा, विचार झाला. त्या कर्जातून उभा राहणारा उद्योग वर्षातले किती महिने चालतो, हा त्यापुढचा प्रश्न असून अकोला-अमरावती भागात तो तुरीच्या डाळीवरून चांगला समजतो.

वऱ्हाडातील लहान शेतकरी पौष-माघात घरी आलेली तूर बहुधा अख्खीच बाजार समितीत विकतो आणि पुढे डाळ मात्र किराणा दुकानातून आणतो. डाळ करण्याची मजुरी गावातच राहावी, या दृष्टीने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ महत्त्वाची ठरते. तुरीची साल डिंकासारख्या थराने दाण्याला घट्ट चिकटलेली असते. त्यामुळे दाण्यांना ओरखडे पाडून, तेल-पाणी लावून, ते उन्हात वाळवून मगच खरखरीत रोलरखाली घालावे लागतात, आणि त्यातून डाळ, चुरी व टरफले वेगळी निघतात. चुरी-टरफले ढोरांच्या खाण्यात जातात. वाळवणाला कडक ऊन लागत असल्याने हे काम मृग लागेपर्यंतच जोरात चालते. पावसाळ्यात यंत्र बहुतांशी बसून राहते.

असा उद्योग दोन प्रकारे चालवता येतो. लोकांची तूर मजुरीवर भरडून दिली, तर यंत्र, वीज आणि मेहनत एवढ्यावर भागते. स्वतः तूर विकत घेऊन डाळ विकायची ठरवली, तर खेळते भांडवल, म्हणजे माल घेतल्यापासून त्याचे पैसे परत येईपर्यंत अडकून राहणारी रक्कम, लागते आणि तुरीचे भाव उतरले की तोटाही गटाच्याच माथी येतो. प्रकल्प अहवालात यंत्राची किंमत ठळकपणे मांडली जाते, पण खेळत्या भांडवलाचा रकाना अंदाजाने भरला जातो, आणि बरेच उद्योग अडखळतात ते इथेच. केंद्र सरकारच्या 2020 च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत गटातील प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवले गेले, ते खेळते भांडवल आणि लहान अवजारे या दोन्हींसाठी. ही तरतूद यंत्रावरील अनुदानापेक्षा अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

हप्त्याचे गणित मात्र याने सुटत नाही. सूक्ष्मवित्त संस्थांचे हप्ते आठवड्याचे, पंधरवड्याचे किंवा महिन्याचे असतात, तर डाळीचा पैसा हंगामात एकदम येतो. मधल्या काळात हप्ता मजुरीतून किंवा दुसऱ्या कर्जातून भरला जातो, आणि एका कुटुंबावर अनेक कर्जे साचण्याचे हे एक कारण आहे. नोव्हेंबर 2016 मधील नोटाबंदीनंतर विदर्भात या संस्थांच्या वसुलीला झालेला विरोध केवळ राजकीय चिथावणीने समजावून घेणे त्यामुळेच अपुरे ठरते. वार्षिक 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या तारणविरहित कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये केलेल्या नियमांनुसार सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होऊ नयेत, आणि हप्ते किती अंतराने घ्यायचे हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचीक ठेवण्याचे धोरणही संस्थेने आखले पाहिजे. हे दुसरे कलम डाळ करणाऱ्या गटाने कर्ज घेतानाच पुढे करण्यासारखे आहे. त्याच यंत्रावर हरभरा, मूग आणि उडीदही भरडता येतात. मूग-उडीद पावसाळ्याच्या अखेरीस निघत असल्याने ऑक्टोबरच्या उन्हात दुसरा, लहानसा हंगाम साधतो आणि तेव्हा एक हप्ता ठेवता येतो.