आभाळ निरभ्र, तरी पूर!

नारिंगी रंगाच्या, लाटांसारख्या वळणदार दगडांचा वॉलपेपर हॉस्टेलच्या निम्म्या कॉम्प्युटर्सवर सापडेल. बघणारा हमखास म्हणतो, "फोटोशॉप असणार!" नाही हो, जागा खरी आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पेज नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळ, नावाहो आदिवासींच्या जमिनीवर ही अँटिलोप कॅन्यन. तिचे दोन भाग आहेत, अप्पर आणि लोअर. पण आपलं आपण जाऊन हिंडायचं म्हटलं तर जमत नाही, गाइड बरोबर हवाच. म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा? मुळीच नाही. कारण आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातच आहे.

वाळवंटात पाऊस क्वचित, पण पडला की धो धो. उघड्या खडकात पाणी फारसं मुरत नाही. आजूबाजूचं सगळं पाणी या एका घळीत घुसतं, आणि घळ तर इतकी अरुंद की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की भिंतींना टेकतात. डिस्चार्ज तोच, जागा कमी. मग पाण्याचा वेग आणि उंची दोन्ही वाढणारच! त्यातली वाळू सॅंडपेपरसारखी दगड घासते. म्हणजे फोटोतली ती सुंदर वळणं पुरानेच कोरलेली आहेत. अप्पर कॅन्यनच्या नावाहो नावाचा अर्थही 'खडकांतून पाणी वाहतं ती जागा' असाच आहे.

१२ ऑगस्ट १९९७ ला लोअर कॅन्यनमध्ये ११ पर्यटक अशाच पुरात गेले. कॅन्यनवर त्या दिवशी पाऊस जवळजवळ नव्हताच, तो पडला होता कित्येक मैल वरच्या बाजूला. लाकडी शिड्या वाहून गेल्या. वाचला फक्त त्यांचा गाइड. त्यानंतर शिड्या बोल्टने पक्क्या बसवल्या, वरून सोडता येतील अशा जाळ्या आल्या, हवामान खात्याचा रेडिओ आणि धोक्याचा भोंगा आला.

आता कोणी एमएससाठी तिकडे गेलंच तर थोडे फंडे. बुकिंग आधीच करा. प्रकाशाचे ते फेमस झोत हवे असतील तर उन्हाळ्यात, दुपारच्या सुमाराला अप्परला जा. तिथे सपाट वाळूतून चालायचं असतं. लोअरला जिने चढउतार आहेत, गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना नेताना विचार करा. बॅग आणि ट्रायपॉड आत चालत नाहीत. आणि हो, ऊन असतानाही गाइड "आज टूर कॅन्सल" म्हणाला तर हुज्जत घालू नका. त्याला वरच्या पावसाची खबर असते, आपल्याला फक्त डोक्यावरचं आभाळ दिसतं.

हे लॉजिक भंडारदऱ्याजवळच्या आपल्या सांदण दरीलाही लागू आहे बरं का! पावसाळ्यात ट्रेक ठरवणाऱ्या आपल्या ग्रुप्सनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.