जुन्या मोटारीचा क्रॉस : सीलबंद घ्यावा की ग्रीसचा?

अँबॅसिडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी ती गाडी रस्त्यावरून अजून गेलेली नाही. महिंद्रच्या जुन्या जीपाही खेडोपाडी दिसतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तेव्हापासून ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. अशी गाडी भाड्याने चालवता येत नाही, पण तिची दुरुस्ती तर करावीच लागते. म्हणजे कारागिराला काम आहे आणि सुट्या भागांच्या दुकानदाराला गिऱ्हाईक आहे.

अडचण एवढीच की आजच्या बऱ्याच मिस्त्रींचा हात १९८३ नंतर आलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांवर बसला. त्या गाडीला इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्टच नसतो. जुनी गाडी आली की हा नवा मिस्त्री युनिव्हर्सल जॉइंटपाशी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘क्रॉस’पाशी अडतो. दुकानदार विचारतो, “सीलबंद देऊ की निप्पलवाला?” उत्तर बहुधा भाव पाहून दिले जाते. ते काम पाहून द्यावे, म्हणून ही माहिती.

क्रॉसचे काम काय?

इंजिन व गिअरबॉक्स चॅसीला बांधलेले असतात, पण मागचा धुरा पाट्यांवर वरखाली होतो. या दोहोंमधला शाफ्ट सरळ राहू शकत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना अधिकचिन्हाच्या आकाराचा पोलादी क्रॉस बसवतात. त्याच्या चार हातांवर चार कप असतात आणि कपांच्या आत बारीक सुयांचे बेअरिंग असते. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ साली मोटारीसाठी अशा जॉइंटचे पेटंट मिळवले. मूळ बांधणी आजही तीच आहे.

या सुया पूर्ण फिरत नाहीत, जागच्या जागी थोड्या मागेपुढे डोलतात. त्यामुळे ग्रीस संपले किंवा पाणी शिरले की त्या एकाच जागी घासतात आणि क्रॉसच्या हातावर रेघा पाडतात. एकदा रेघ पडली की नवे ग्रीस भरून ती भरून निघत नाही.

दोन्ही प्रकारांतला फरक

ग्रीसच्या क्रॉसला निप्पल असतो आणि आतून चारही हातांपर्यंत भोके पाडलेली असतात. गनने नवे ग्रीस भरले की जुने ग्रीस, पाणी व धूळ सीलमधून बाहेर पडते. हा त्याचा मोठा गुण. पण पोलादाला भोक पाडले म्हणजे ताकद थोडी कमी होणारच. जोराचा झटका बसला तर क्रॉस बहुधा निप्पलच्या भोकापाशीच तडकतो. शिवाय याचे सील जुने ग्रीस बाहेर जाऊ देईल असेच केलेले असते. म्हणून निप्पलवाला क्रॉस बसवून त्याला कधीच ग्रीस न देणे हा सगळ्यांत वाईट सौदा आहे.

सीलबंद क्रॉस मधून भरीव असतो, म्हणून त्याच मापात जास्त जोर सोसतो. सील घट्ट असते आणि ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. मात्र ‘आयुष्यभराचे ग्रीस’ याचा अर्थ क्रॉसचे आयुष्य, गाडीचे नव्हे. सील गेले की क्रॉस बदलावा लागतो, दुसरा इलाज नाही.

कोणाला कोणता द्यावा?

जीप चिखलातून, ओढ्यातून किंवा कोकणच्या पावसात चालणार असेल आणि मालक नेमाने ग्रीस करून घेणारा असेल, तर निप्पलवाला द्यावा. गाडी शौकिनाची असेल, वर्षातून थोडीच चालत असेल, किंवा मालक गॅरेजचे तोंड पाहत नसेल, तर सीलबंद बरा. अँबॅसिडरमध्ये मूळ इंजिन काढून जास्त ताकदीचे डिझेल इंजिन बसवले असेल तरीही सीलबंदच बरा. जिथे ग्रीस गन पोहोचतच नाही तिथे निप्पलचा उपयोग काय?

दोन्ही प्रकारांत माप मात्र चुकवू नये. कपाचा व्यास, दोन समोरासमोरच्या कपांमधली लांबी आणि सर्क्लिप आत बसते की बाहेर, या तीन गोष्टी जुना क्रॉस हातात घेऊन व्हर्नियरने मोजाव्यात. ‘अँबॅसिडरचा द्या’ एवढ्यावर माल उचलू नये. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय बदलले असेल याचा भरवसा नाही.

बसवताना

शाफ्ट सोडण्याआधी चाकांना अडण लावावी आणि शाफ्ट, फ्लँज व सरकता जोड यांवर रंगाची खूण करावी. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत, नाहीतर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरेल. कप हातोड्याने न ठोकता बाकाच्या शिकंज्यात दाबून बसवावेत. एक सुई आडवी पडली तर कप पुरता बसत नाही आणि सर्क्लिप खाचेत जात नाही. काम झाल्यावर जॉइंट हाताने चारही दिशांना मोकळा फिरला पाहिजे.

निप्पल शाफ्टच्या बाजूला व गन पोहोचेल असा ठेवावा. तो दाब पडणाऱ्या कोपऱ्यात असावा. इंजिनाकडच्या योकचा हात फिरण्याच्या दिशेने ज्या हाताला ढकलतो, त्या दोन हातांमधला कोपरा दाबला जातो. तिथे भोक असले तर ते मिटू पाहते, ताणले जात नाही.

ग्रीस लिथियमचे, २ नंबरचे घ्यावे आणि साध्या हातगनने भरावे. हवेच्या दाबाच्या गनने सील फाटू शकते. चारही कपांतून नवे ग्रीस दिसेपर्यंत भरावे. एखाद्या कपातून ते आले नाही तर तो थोडा सैल करून वाट मोकळी करावी. पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर ग्रीस करण्याचा नेम ठेवावा.

खराबी ओळखा

गिअर घालून क्लच सोडताना ‘टक’ आवाज, हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव, वेगात थरथर आणि कपाभोवती तांबूस भुकटी या चार खुणा आहेत. त्या दिसूनही गाडी चालवली आणि पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यावर पडते आणि खड्ड्यात अडकले तर गाडी उलथू शकते. इथे प्रश्न जिवाचा आहे.

मागाला वेळेवर तेल दिले नाही तर काय होते हे मालेगाव-भिवंडीच्या बंधूंना सांगायला नको. तोच हिशोब इथेही आहे. कारागिराने बिलावर क्रॉसचा प्रकार व तारीख लिहावी आणि निप्पलवाला असेल तर पुढच्या ग्रीसची तारीखही लिहून द्यावी. गिऱ्हाईक त्या तारखेला परत येते आणि दुकानाची साख राहते.