अडकलेला ऑइल फिल्टर कसा काढावा?

मृगाच्या सरी पडून रानाला वाफसा येण्याचे दिवस जवळ आले, की ट्रॅक्टरधारक शेतकरी आपल्या यंत्राकडे वळून पाहू लागतो. नांगरट, वाहतूक आणि मळणी यांत वर्ष काढलेल्या इंजिनातील तेल काळे पडलेले असते. ते बदलावे, त्याबरोबर फिल्टरही बदलावा आणि मग निश्चिंतपणे पेरणीस लागावे, असा त्याचा विचार असतो आणि तो योग्यच होय. नवे तेल व नवा फिल्टर तालुक्याहून आणलेला असतो, जुने तेल घमेल्यात सोडलेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी जुना फिल्टर जागचा हलत नाही. हाताने जोर करून होतो, चिंधी गुंडाळून होते. जमलेल्या मंडळींपैकी कोणी हातोडी सुचवितो, कोणी डिसमिस ठोकावयास सांगतो. अखेर दिवस मावळू लागतो, आणि ‘फिल्टर राहू द्या, तेल तेवढे बदला’ असा निर्णय होतो.

हा निर्णय इंजिनाच्या हिताचा नाही. इंजिनाच्या तळाशी साठलेले तेल पंपाने वर खेचले जाते, फिल्टरमधील कागदाच्या घड्यांतून गाळले जाते व नंतर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांकडे जाते. इंधनाच्या ज्वलनाची काजळी, धातूचे सूक्ष्म कण आणि हवेबरोबर आत शिरलेली धूळ त्या कागदावर अडते. कागद पुरता तुंबला, तर इंजिन तेलावाचून कोरडे पडू नये म्हणून एक छोटी बायपास झडप आपोआप उघडते आणि न गाळलेले तेल तसेच पुढे जाऊ लागते. बाहेरून यांपैकी काहीही दिसत नाही. तेलाच्या दाबाचा काटाही बहुधा जागेवरच असतो. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये उरलेले घाण तेल नव्या तेलात मिसळते, ते वेगळेच. म्हणजे तेलासाठी खर्च केलेल्या पैशाचा काही भाग त्याच दिवशी वाया गेला.

मोटारीच्या इंजिनाला तेलाची गाळणी बसविण्याची कल्पना अमेरिकेत १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलँड याने रूढ केली. पुढे बराच काळ फिल्टर म्हणजे मधल्या लांब बोल्टाने आवळलेले भांडे व त्याच्या आत बदलावयाची कागदी वा कापडी गाळणी, अशी रचना असे. फर्ग्युसन ३५ व फोर्डसन मेजर या जुन्या ट्रॅक्टरांवर ती पाहावयास मिळते. आजच्या बहुतेक ट्रॅक्टर, जीप व मालवाहू गाड्यांवर मात्र पत्र्याचा बंद डबाच आट्यांवर फिरवून बसवितात. हट्टाने अडकून बसतो तो हाच डबा.

फिल्टर अडकतो कशाने, हे नीट कळले तर काढण्याची निम्मी अडचण दूर होते. पुष्कळांची समजूत अशी, की आटे गंजले असावेत. वास्तविक ते आटे सदैव तेलात भिजलेले असतात, त्यामुळे गंज चढण्याचा संभव फार थोडा. घट्ट धरून ठेवते ते डब्याच्या तोंडाभोवतीचे रबरी सील. मागील वेळी ते कोरडेच बसविलेले असते, गळती नको म्हणून पान्याने बेताबाहेर आवळलेले असते, आणि त्यानंतर शेकडो तासांच्या उष्णतेने ते इंजिनाच्या सपाट तोंडाला चिकटून जाते. म्हणूनच रॉकेल किंवा गंज सोडविणारे तेल ओतून फारसा उपयोग होत नाही. या ठिकाणी ज्योत लावणे तर केव्हाही करू नये. तेलाने भिजलेला कागद आत असतो आणि इंधनाच्या नळ्या जवळच असतात.

काढण्याची रीत

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा व चाकांना दगडाची अटक द्यावी. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून मग बंद करावे. कोमट झालेले रबर मऊ पडते आणि तेलही झरझर उतरते. इंजिन फार तापलेले असेल तर थांबावे, कारण धुराड्याची नळी पुष्कळदा फिल्टरच्या शेजारूनच जाते. तेल पूर्ण सोडून झाल्यावर डब्याखाली घमेले ठेवावे, डबा व हात दोन्ही कोरडे पुसावेत आणि डब्याभोवती खरखरीत बाजू आत करून पॉलिश पेपर गुंडाळावा. तेलकट पत्र्यावर बळकट मनगटही घसरते. कागद गुंडाळल्यावर मात्र पुष्कळ फिल्टर नुसत्या हातानेच सुटतात.

दिशेविषयी येथे एक सूचना केली पाहिजे, कारण चूक होते ती बहुधा याच ठिकाणी. फिल्टरच्या बंद बुडाकडे तोंड करून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. परंतु डबा खाली लोंबत असला आणि माणूस वरून वाकून हात घालीत असला, तर ही दिशा त्याला उलटी दिसते. अशा वेळी अर्धा तास घाम गाळून माणूस फिल्टर अधिकच आवळीत असतो. नवा फिल्टर हातात धरून, त्याचे बूड जुन्याच्या बुडाप्रमाणे वळवून एकदा दिशा पडताळून घ्यावी.

हाताने न सुटल्यास पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना लावावा. असा पाना गावात नसेल तर जुना फॅनबेल्ट किंवा चामडी पट्टा कामास येतो. पट्ट्याचा वेढा डब्याभोवती देऊन टोकाच्या फासात दोन फूट लांबीची लोखंडी नळी अडकवावी. वेढा असा हवा, की नळी सुटण्याच्या दिशेने ओढली असता पट्टा आवळत जाईल. पकड डब्याच्या मध्यभागी मुळीच घेऊ नये. तेथील पत्रा पातळ असतो, तो चेपतो आणि एकदा चेपला की पुढची कोणतीही पकड टिकत नाही. इंजिनाला लागून असलेल्या कडेशी आत जाड तबकडी असते. तिच्या जवळच पट्टा धरावा. नंतर हिसके न देता एकसारखा, वाढता जोर लावून काही क्षण तसाच धरावा. चिकटलेले रबर सावकाश सुटते. एकदा ते किंचित हलले, की उरलेले काम हाताने होते.

डब्यात डिसमिस आरपार ठोकून तो फिरविण्याची रीत सर्वत्र प्रचलित आहे. ती सर्वस्वी वर्ज्य नाही. परंतु तिच्याकडे शेवटी वळावे, सुरुवातीस नव्हे. चिकटलेल्या फिल्टरात डिसमिस बहुधा फिरण्याऐवजी पत्रा फाडीत जातो आणि हाती फाटका डबा तेवढा येतो. ठोकावयाचाच झाल्यास तो कडेच्या जाड भागाजवळ ठोकावा, आणि मधली आट्यांची नळी टाळावी. ती नळी इंजिनाचा भाग आहे. तिचे आटे मोडले तर नवा फिल्टरही बसणार नाही.

डबा फाटल्यावर

डबा फाटला तरी घाबरण्याचे कारण नाही, मात्र येथून पुढे घाई करू नये. पत्रा कात्रीने कापून आतील कागद व जाळीची नळी काढून टाकावी. मग इंजिनाला चिकटलेली जाड तबकडी तेवढी उरते. तिच्या बाहेरील कडेवर बोथट छिन्नी तिरपी धरून हलक्या हातोडीने उलट दिशेने ठोके द्यावेत. एकाच जागी न देता फिरत फिरत द्यावेत. छिन्नीचे तोंड इंजिनाच्या सपाट पृष्ठभागाकडे कधीही वळू देऊ नये. पुष्कळ इंजिनांत ही जागा ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर पडलेला एक खोल ओरखडाही कायमची गळती लावून देतो. तबकडीत तेल शिरण्यासाठी भोके असतात. समोरासमोरच्या दोन भोकांत दोन बोल्ट उभे करून त्यांमध्ये पहार आडवी धरली, तरीही ती फिरविता येते.

कधी कधी फिल्टरबरोबर आट्यांची नळीच बाहेर येते. तसे झाल्यास ती शेगड्यात धरून फिल्टरमधून सोडवावी, आटे तपासावेत आणि इंजिनात पक्की बसवूनच पुढे जावे. आटे खराब झाले असतील तर नवी नळी आणण्यात एक दिवस गेलेला परवडतो.

नवा फिल्टर बसविताना

जुना फिल्टर निघाला, की त्याच्या तोंडाशी रबरी सील आहे की नाही, हे प्रथम पाहावे. ते नसेल तर ते इंजिनालाच चिकटून राहिलेले असते. काळ्या तेलात काळे रबर दिसत नाही, म्हणून बोट फिरवून खात्री करावी. जुन्या सीलवर नवे सील बसले तर इंजिन सुरू करताना सारे ठीक भासते. परंतु तेलाचा दाब चढताच एक सील बाजूला सरकते आणि काही मिनिटांत इंजिनातील तेल जमिनीवर येते. ट्रॅक्टर त्या वेळी शेताच्या मध्यावर पेरणी करीत असला आणि चालकाचे लक्ष तासाकडे असले, तर दाबाचा दिवा लागलेला त्याला कळतही नाही. बेअरिंगे जळणे व क्रँकशाफ्ट निकामी होणे यास त्यानंतर फार अवकाश लागत नाही. एका रबरी कड्यापायी पेरणीचा हंगाम हातचा जावा, हे कोणालाही परवडणारे नाही.

जुन्या भांड्याच्या पद्धतीच्या फिल्टरात सील खोबणीत बसलेले असते. ते बोथट टोकाने उचकून काढावे. जुन्यावरच नवे दाबून बसवू नये.

नव्या फिल्टरचे आटे व सीलचा व्यास जुन्याशी ताडून पाहावा. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे आट्यांत वेगळे निघतात. बसण्याची जागा स्वच्छ चिंधीने पुसून घ्यावी आणि नव्या सीलवर बोटाने स्वच्छ इंजिन तेल चोळावे. पुढच्या वेळी फिल्टर सहज निघावा यासाठी सर्वांत परिणामकारक उपाय हाच, आणि त्यास एक पैसाही लागत नाही. डब्याचे तोंड वर येत असेल तर त्यात आधी थोडे तेल भरून घ्यावे. सील टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा व त्यापुढे सुमारे पाऊण फेरा हातानेच आवळावा. डब्यावर वेगळे प्रमाण छापलेले असल्यास ते पाळावे. पान्याचे येथे काम नाही.

तेल भरून इंजिन मंद गतीवर सुरू करावे. दाबाचा दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. फिल्टरच्या कडेने ओल दिसत नाही ना, हे पाहून इंजिन थांबवावे आणि थोड्या वेळाने डिपस्टिकवर पातळी बघून लागेल तेवढे तेल घालावे. डब्यावर रंगाने तारीख व अवरमीटरवरील तास लिहून ठेवावेत. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत तेल व फिल्टर बदलण्याची मुदत २५० तास दिलेली असते. तथापि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम मे महिन्यातच, एखाद्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर चार जणांसमक्ष प्रत्यक्ष करून दाखविणे अधिक श्रेयस्कर. पट्ट्याचा एक पाना गावाने सामाईक घेऊन ठेवला, तरी सर्वांचे काम भागते. यंत्राच्या निगेचे पद्धतशीर शिक्षण ज्यांना हवे असेल, त्यांच्यासाठी मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे.

राहता राहिले जुने तेल. ते बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, चुलीतही जाळू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक टाकाऊ पदार्थांत मोडते. कातडीशी त्याचा वारंवार संपर्कही अपायकारक असल्याने काम करताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. जुना फिल्टर तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवावा, निथळलेले तेल बाकीच्या तेलाबरोबर झाकणाच्या डब्यात भरावे, आणि तालुक्यास जाणे होईल तेव्हा ते अधिकृतपणे जुने तेल जमा करणाऱ्याकडे पोहोचते करावे.