शिकवता शिकवता घडलेला कारखानदार

वाटणीत रान कमी होत चाललंय. पोरगा इंजिनिअरिंगला घातला, पण सुट्टीत तो घरीच बसतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बघा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक ड्रॉइंग शिकवीत आणि फावल्या वेळात तिथल्याच वर्कशॉपमध्ये यंत्रे शिकत. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तरी ते हटले नाहीत. १९१० साली औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली.

गळीत हंगाम संपला, की ओव्हरहॉलिंगला मिल उघडतात. रोलर, बेअरिंग आतून बघायची हीच वेळ. पोराला तिथे धाडा. रात्री त्याने गावच्या मुलांना गणित शिकवावे. आपले कच्चे कुठे, ते शिकवतानाच कळते.