पाऊल उचलेना तेव्हा

आमच्या ह्यांना पार्किन्सन्स आहे म्हटलं की समोरचा आधी त्यांच्या हातांकडे बघतो. हातांनी आम्हाला फारसं छळलेलं नाही. कपात चहा अर्धाच ओतायचा, झालं. छळतात ते पाय. हॉलमधून चांगले चालत येतात आणि स्वयंपाकघराच्या दारात पाय जमिनीला चिकटतात. कमरेवरचं अंग पुढे निघालेलं, पावलं मात्र जागच्या जागी थरथरताहेत. डॉक्टर याला ‘फ्रीझिंग’ म्हणतात. दार, अरुंद बोळ, लिफ्ट, वळण ही त्याची ठरलेली ठिकाणं. त्यात फोन वाजला किंवा कुणी “काका, चला लवकर” म्हटलं की संपलंच.

पायांत ताकद भरपूर आहे. मध्यमेंदूतल्या एका काळपट भागातल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात, त्या या आजारात हळूहळू मरतात. आपण चालताना प्रत्येक पाऊल ठरवून थोडंच टाकतो? ते आपोआप पडतं. डोपामिन कमी पडलं की हे ‘आपोआप’च बिघडतं. पावलं तोकडी होतात, घासत पडतात, हात हलायचे थांबतात, अंग पुढे झुकतं. मग त्या झुकलेल्या अंगाला गाठायला पावलं धावत सुटतात. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालच्या निबंधात हे धावणंही टिपून ठेवलंय.

तोलाची गोष्ट आणखी वेगळी. तपासताना डॉक्टरांनी मागे उभं राहून ह्यांचे खांदे झटकन मागे ओढले. धडधाकट माणूस एखाद-दुसरं पाऊल मागे टाकून सावरतो. हे ओंडक्यासारखे मागे कलले. डॉक्टर झेलायला तयारच होते. (घरी कुणी ही परीक्षा घेऊ नका.) फ्रिजचं दार ओढताना किंवा कपाटापाशी गर्रकन वळताना ही माणसं का पडतात, ते मला त्या दिवशी कळलं. आता हे जागेवर वळत नाहीत, मोठा वळसा घेऊन वळतात. गोळीनं पावलं सुधारतात, गोळीचा अंमल उतरला की अडकणं वाढतं. तोलाला मात्र गोळीचा फारसा उपयोग होत नाही. त्याला व्यायामच हवा.

फिजिओथेरपीच्या ताईंनी स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावून दिल्या, एकेका पावलाच्या अंतरानं. त्या ओलांडायच्या म्हटलं की अडलेला पाय उचलतो! पर्डन मार्टिन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ सालीच अशा रेघांबद्दल लिहिलं होतं. आपोआप चालण्याची वाट बंद झाली तरी डोळ्यांनी बघून, ठरवून पाऊल टाकायची वाट बरीचशी उघडी असते. म्हणूनच सपाट जमिनीवर अडणारे हे जिना चढतात. ठेक्याचंही तसंच. कुणी मेट्रोनोम लावतं. ह्यांचे वडील वारकरी, त्यामुळे हे ‘ग्यानबा-तुकाराम’ म्हणत पाऊल टाकतात.

२०१० साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला चार पावलं धड चालता येत नव्हती, सायकल मात्र तो झोकात चालवत होता. हे ऐकल्यापासून ह्यांनी पार्किंगमधल्या जुन्या सायकलचा विषय काढलाय. मी अजून ऐकून न ऐकल्यासारखं करते.

घरातल्यांपेक्षा त्रास होतो तो मदतीला धावणाऱ्यांचा. दंडाला धरून ओढतात, आणि पाय चिकटलेल्या माणसाला ओढलं की तो तोंडावरच पडणार. असं कुणी दारात अडकलेलं दिसलं तर हात आवरा. त्यांना आधी नीट उभं राहू द्या, वजन एका पायावर घेऊ द्या, मग हळू “एक, दोन” म्हणा. आणि लिफ्टमध्ये असाल तर दार उघडं ठेवायचं बटण तेवढं दाबून धरा.