टर्बो गाडीची निगा : राजूर भागातील सभासदांसाठी चार गोष्टी



लागण, बेणे, हुमणी आणि खोडवा याविषयी आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. यावेळी मोटारगाडीविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण उसाच्या नोंदीसाठी फिरताना जागोजागी दिसते ते असे की, जिथे पूर्वी बैलगाडीचे जू टेकलेले असे तिथे आता नवीकोरी चारचाकी उभी आहे. ती बहुधा थोडी उसाच्या पेमेंटवर आणि बाकीची बँकेच्या कर्जावर आलेली असते. कर्ज पाच-सात वर्षांचे असते आणि कंपनीची वॉरंटी पुष्कळदा त्याआधीच सरते. मधल्या वर्षांत इंजिनाने दगा दिला तर गाडी दारात बंद आणि हप्ता मात्र चालू, असा प्रसंग येतो.

राजूरच्या वरच्या अंगाला भात आणि खाली अकोल्याकडे ऊस, असा आपला मुलूख. रात्री-अपरात्री दुखणेकऱ्याला संगमनेरला किंवा बारीच्या घाटाने घोटीवरून नाशिकला न्यायचे तर भरवसा गाडीचाच. ती ऐन घाटात बसली तर काय होते ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. गाडी इथे हौसेची वस्तू राहिलेली नाही.

आता नव्या गाड्यांतली मेख अशी की, त्यातल्या बहुतेकांना टर्बोचार्जर असतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांना तो आहे. लहान पेट्रोल गाड्यांतही आता तो आला. नेक्सॉन २०१७ साली निघाली, तिच्या पेट्रोल इंजिनालाही टर्बो आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका लहानशा पंख्यावर सोडायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणून तेवढ्याच इंजिनात इंधन जास्त जळते आणि ताकद वाढते. कल्पना जुनीच. आल्फ्रेड ब्युशी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले, आणि आधी ती जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत वापरात आली.

हे समजायला सभासदांना लांब जावे लागणार नाही. आपल्या कारखान्यात वाफेवर फिरणारे टर्बाईन आहे, तेच तत्त्व इथे धुरावर चालते. टर्बाईन बंद करताना आमची इंजिनिअरिंग खात्यातील मंडळी काय करतात ते कधी पाहा. वाफ बंद केली म्हणून कोणी लगेच घरी जात नाही. तेलाचा जोडपंप चालूच ठेवतात, रोटर हळूहळू फिरता ठेवतात आणि तो निवल्यावरच हात काढतात. कारण तापलेला दांडा तेलाशिवाय उभा राहिला तर बेअरिंग जाते आणि दांडाही वाकतो. हे टर्बाईन मिनिटाला काही हजार फेरे घेते. गाडीतला टर्बो मुठीएवढा, पण मिनिटाला १ लाखाच्या वर फेरे घेतो. लहान पेट्रोल गाड्यांत तर ही संख्या २ लाखांपर्यंत जाते, आणि त्यावर येणारा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेला असू शकतो. एवढा सगळा खेळ केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत असतो. तेल गेले की टर्बो गेला.

म्हणून पहिली काळजी सुरू करताना आणि बंद करताना घ्यावयाची. सकाळी किल्ली फिरवल्यावर तेल टर्बोपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात अॅक्सिलरेटर दाबून गाडी रेस करण्याची पुष्कळांना सवय आहे, ती सोडावी. पाव-अर्धा मिनिट थांबावे आणि मग पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी सावकाश न्यावी. थंडीच्या दिवसांत दहा-दहा मिनिटे अंगणात गाडी घुरघुरत ठेवणारेही आहेत. त्याने इंजिन लवकर तापत नाही, उलट न जळलेले इंधन खाली तेलात उतरते.

बंद करतानाची गोष्ट अशी. अकोल्याहून पाच माणसे आणि वर खताच्या गोण्या घालून विठे घाट चढून आलात, आणि राजूरला येताच पेढ्याच्या दुकानासमोर गाडी उभी करून किल्ली काढली, तर टर्बोत अडकलेले तेल त्या उष्णतेने जळून त्याचा कोळसा होतो. एका दिवसात काही बिघडत नाही. पण दोन-तीन वर्षे असा थर साचत गेला की तेलाची बारीक वाट बुजते. अशा वेळी गाडी मिनिटभर जागेवर चालू ठेवावी, इतकेच. जुने ड्रायव्हर पाच मिनिटे सांगतात. आमच्या मते आताच्या गाड्यांना एवढे नको, कारण बहुतेक टर्बोंना आता पाण्यानेही गारवा दिलेला असतो. आणि घाट चढून आल्यावर राजूरच्या पेठेतून गाडी तशीही हळूच न्यावी लागते, तेवढ्यात टर्बो बराचसा निवतो. सपाट रस्त्याने सावकाश आला असाल तर थांबण्याचीही गरज नाही. सिग्नलला किंवा गर्दीत आपोआप इंजिन बंद करणारी सोय ज्या गाड्यांत आहे, त्यांनी घाटानंतर तिचे बटण दाबून ती सोय बंद ठेवावी.

नव्या गाडीचे पहिले हजार-दीड हजार किलोमीटर जपून काढावेत. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तिथे गोऱ्हा पारखून घेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गोऱ्हा कितीही दांडगा असला तरी पहिल्याच दिवशी त्याला भरल्या गाडीला कोणी जुंपत नाही. (डांगीच्या कातडीतून तेलकट अंश सुटतो म्हणून तो या भागातला पाऊस सोसतो. तेलाचे माहात्म्य तिथेही आहेच.) तेव्हा सुरुवातीला पूर्ण अॅक्सिलरेटर नको, ओझे ओढणे नको आणि एकाच वेगाने तासन् तास पळवणेही नको.

घाटातल्या गिअरविषयी थोडे स्पष्ट लिहावे लागेल. डिझेल वाचते म्हणून वरच्या गिअरमध्येच गाडी रेटत चढवायची, इंजिन धडधडू लागले तरी गिअर खाली घ्यायचा नाही, ही आपल्याकडची जुनी खोड. साध्या इंजिनाने ती सोसली. टर्बो पेट्रोल इंजिनात, त्यातही ज्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते त्यात, कमी फेऱ्यांवर जास्त दाब आला की ठिणगी पडण्याआधीच पेट घेतला जातो. हा धक्का पिस्टन फोडण्याइतका जबर असू शकतो. या त्रासासाठीच २०२० साली 'एपीआय एसपी' या दर्जाचे पेट्रोल इंजिन ऑइल आले. विठे घाटात वेळीच गिअर खाली घ्या, इंजिन मोकळे फिरू द्या. त्यात जाणारे इंधन वाया जाते असे समजू नये.

आता तेलाकडे वळू. एका सभासदाने आम्हाला बांधावर विचारले, "साहेब, कंपनीच्या बुकात दहा हजार किलोमीटर लिहिलंय, मग तुम्ही निम्म्यातच बदला का म्हणता?" प्रश्न रास्त आहे. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत नेहमीच्या वापराचे कोष्टक एक आणि खडतर वापराचे दुसरे असते. ते दुसरे पान आपण उघडत नाही. धूळ, घाट, ओझे, दोन-तीन किलोमीटरच्या तुटक फेऱ्या याला कंपनी खडतर वापर म्हणते. घर ते डेअरी, डेअरी ते मळा, मळा ते गट ऑफिस, मध्ये उसाच्या गाड्यांनी उडवलेला फुफाटा. आपला नेहमीचा दिवस तो हाच. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष म्हटले असेल तर आपल्या भागात ५ ते ६ हजारांवर किंवा सहा महिन्यांनी तेल आणि तेलाचा फिल्टर बदलावा, असे आमचे मत आहे. तेलाचा डबा महाग वाटतो खरा. पण टर्बो बदलायची वेळ आली तर एका एकराच्या पेमेंटचा मोठा तुकडा त्यात जातो, आणि नादुरुस्त टर्बोचे तुकडे इंजिनात गेले तर हिशेबच करायला नको. तेल मात्र पुस्तिकेत छापलेल्या क्रमांकाचेच घालावे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधले उरलेले ओतू नये.

आठवड्यातून एकदा, गाडी सपाटीवर आणि इंजिन निवलेले असताना, डिपस्टिक काढून पाहावी. तेल कमी झाले की धोका, हे सर्वांना ठाऊक आहे. तेल वाढले तरी धोका, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरून ठेवणारी जाळी बसते. ती भरली की गाडी आपणहून जादा डिझेल सोडून काजळी जाळते. हे काम चालू असताना इंजिन किंचित जास्त फिरते, पंखा मोठ्याने चालतो, जळका वास येतो. नेमकी तेव्हाच गाडी बंद केली, आणि असे वारंवार झाले, तर ते जादा डिझेल रिंगांवरून ओघळून तेलात मिसळते. डिपस्टिकवर पातळी वर चढते, तेल पातळ होते आणि टर्बोचे बेअरिंग त्या पातळ तेलावर चालते. पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे गेली, डिझेलचा वास आला, तर तेल लगेच बदलावे. उपाय सोपा आहे. आठवड्या-दोन आठवड्यांनी राजूर-अकोले अशी एक सलग फेरी मोकळ्या रस्त्याने मारावी. ज्यांची गाडी फक्त गावातच फिरणार आहे त्यांनी डिझेल घ्यावी की पेट्रोल, याचा विचार विकत घेतानाच करावा. आमचे म्हणणे विचाराल तर पेट्रोल बरी.

मालकाने काहीतरी नियमाने भरायचे आहे, एवढ्याच गोष्टीवर टर्बो गाडीचे नशीब कसे फिरते याचा दाखला मोटारींच्या इतिहासात आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाईल कंपनीने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. इंजिनात अवेळी पेट होऊ नये म्हणून तिला ऊर्ध्वपातित पाणी आणि मेथॅनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की टर्बोचा जोर बंद होई आणि लोक तक्रार करीत की गाडीत दमच नाही. वर्ष-दीड वर्षात ती गाडी बंद झाली आणि पुढे अनेकांच्या गाडीचा टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून द्यावा लागला.

असलीच एक वेगळी टाकी आपल्याकडच्या काही नव्या डिझेल गाड्यांनाही असते, आणि इथे आम्हाला शेतकी खात्याचा माणूस म्हणून बोलावेच लागेल. त्या टाकीत युरियाचे द्रावण भरतात. धूर स्वच्छ करण्यासाठी ते लागते. ते संपले तर गाडी पुन्हा सुरू होत नाही. "युरियाच ना, घरात पोतं पडलंय," असे म्हणणारे भेटले म्हणून लिहितो. ते द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेले पाणी यांचे असते. शेतीचा युरिया २०१५ पासून संपूर्णपणे निंबोळी तेलाचे आवरण देऊन येतो. तो विहिरीच्या पाण्यात कालवून ओतला तर फवारा आणि जाळी दोन्ही चोंदतात आणि वॉरंटीही हातची जाते. पोत्यातला युरिया उसालाच घाला, तोही माती परीक्षण करून.

विहिरीच्या पाण्याचा विषय निघालाच आहे तर, रेडिएटरमध्येही ते घालू नये. बोअरच्या क्षारांनी आत खपली धरते, आणि टर्बोचा गारवा त्याच पाण्यावर असतो. तयार कूलंट भरावे, गरम असताना टोपण उघडू नये.

एअर फिल्टरविषयी फार लिहीत नाही, हंगामात दर पंधरवड्याला पाहावा आणि मळला तर नवा घालावा. झटकून, आपटून पुन्हा बसवलेला फिल्टर कडेने धूळ सोडतो आणि टर्बोचा पंखा त्या धुळीने झिजतो. उंदरांचा मात्र वेगळा उपद्रव आहे. पाचटाच्या गंजीशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी रबरी होज पाईप अधूनमधून हाताने चाचपावेत. पाईप कुरतडलेला असला की गाडी पिकअप घेत नाही, काळा धूर सोडते, आणि लोक टर्बो गेला म्हणून घाबरतात. आणि पावसाळ्यात, ओढ्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये. हवेच्या वाटेने पाणी आत गेले तर इंजिन जागीच मोडते.

पेट्रोलवाल्यांना इथेनॉलची शंका असते. ते आपल्याच उसाचे आहे म्हणून आम्ही बाजू घेतो असे कोणी म्हणू नये. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता पंपावर सर्रास आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या त्याला चालतील अशा वस्तूंच्या आहेत. त्याआधीच्या गाडीची पुस्तिका पाहावी. इथेनॉल अवेळी पेट घेत नाही, म्हणून टर्बोला ते मानवते. त्यात उष्णता कमी, म्हणून अॅव्हरेज थोडे उतरते, हेही खरे. ते पाणी ओढते, तेव्हा अर्ध्या टाकीवर गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये.

तेल केव्हा बदलले, किती किलोमीटरला, कोणते घातले हे एका वहीत लिहावे, बिले त्याच वहीत ठेवावीत. जादा वेळा तेल बदलल्याने वॉरंटी जात नाही. बिल नसल्याने जाऊ शकते. ताकद वाढवून देतो म्हणून कॉम्प्युटरमध्ये फेरफार करणारे शहरात भेटतात, त्यांच्या नादी लागू नये.

निळा धूर, शिट्टीसारखा वाढता आवाज, एकाएकी कमी झालेला दम, यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात मेकॅनिकला दाखवावे. आणि चालत्या गाडीत तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला तर गाडी लगेच कडेला घेऊन तत्क्षणी बंद करावी. वर मिनिटभर थांबा असे लिहिले आहे ते या वेळी लागू नाही.